हॉलिवूडच्या सुवर्णकाळावर कादंबरी : मुंबईत जन्मलेली नटी आणि घरात मोलकरीण म्हणून वावरणारी आई

पारिजातक

नमस्कार मंडळी. या विभागात पेशवाईवरच्या, शिवकाळावरच्या कादंबऱ्यांवर भरपूर चर्चा होते. मला जरा लांबच्या मुलखाबद्दल बोलायचंय. १९३० ते १९५० च्या आसपासचं हॉलिवूड घेऊन मी एक कादंबरी लिहायला घेतली आहे. काही गाठी सुटत नाहीयेत, म्हणून हा धागा.

सुरुवात मर्ल ओबेरॉनपासून करते, कारण बीज तिथलं आहे. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेली मुलगी, घरातलं नाव क्वीनी. कागदोपत्री वडील रेल्वेतले इंग्रज. ज्या शार्लट सेल्बीला ती आई म्हणायची ती खरी तिची आजी, आणि शार्लटची शाळकरी वयाची मुलगी कॉन्स्टन्स ही जन्मदाती, असं आता मानलं जातं. बालपण कलकत्त्यात, मग लंडन. तिथे निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्दाच्या आठव्या हेन्रीवरच्या १९३३ च्या चित्रपटात ॲन बोलिनची छोटीशी भूमिका, आणि तिथून थेट हॉलिवूड. १९३५ च्या एका चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन. २०२३ मध्ये मिशेल यो यांना ऑस्कर मिळालं तेव्हा 'पहिली आशियाई कोण' या चर्चेत मर्लचं नाव पुन्हा वर आलं ते याच नामांकनामुळे.

जगासाठी मात्र ती टास्मानियात जन्मलेली गोरी मुलगी होती. हे तिनं मरेपर्यंत निभावलं. १९७८ मध्ये टास्मानियातल्या होबार्टला तिचा सत्कार झाला, 'गावची लेक' म्हणून. १९७९ मध्ये ती गेली आणि चार वर्षांनी आलेल्या चरित्रातून मुंबईचा जन्म सर्वांसमोर आला.

मला झोपू देत नाही ती शार्लट. लंडनच्या घरात पाहुण्यांसमोर ती मोलकरीण म्हणून वावरायची असं चरित्रकार सांगतात. १९३७ मध्ये ती वारली. पुढे मर्लनं तिचं तैलचित्र काढून घेतलं आणि त्यात तिची कांती उजळ करून घेतली.

आता त्या काळावरच्या कादंबऱ्यांबद्दल. मी मिळतील तितक्या वाचल्या. बहुतेकींत मेजवान्या, हिऱ्यांचे हार, चार-पाच लग्नं आणि शेवटी एखादं गुपित. गुपित नेहमी नटीच्या मनातलं. मला हे पटत नाही. तिथलं गुपित ही कारखान्यात तयार होणारी वस्तू होती. प्रत्येक स्टुडिओत प्रसिद्धी खातं असायचं. नवी मुलगी आली की तिचं नाव बदलायचं, जन्मगाव बदलायचं, वडिलांचा हुद्दा वाढवायचा, टाईप केलेलं जीवनचरित्र सिनेमासिकांना पाठवायचं. त्याच कागदावरून लुएला पार्सन्ससारख्या स्तंभलेखिका लिहायच्या आणि ते हर्स्टच्या वर्तमानपत्रांतून देशभर जायचं. एवढी माणसं पगार घेऊन एक खोटं जपत असताना ते 'तिचं' खोटं म्हणून कसं लिहायचं? माझी कादंबरी मला त्या खात्याची, त्या कागदाची आणि तो कागद ज्या घरात येऊन पडतो त्या घराची करायची आहे.

म्हणून नायिका काल्पनिक घेतली आहे. लिली, भायखळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समधली अँग्लो-इंडियन मुलगी. आणि कथा सांगते तिची आई. आईला मी लंडनमध्ये न थांबवता कॅलिफोर्नियापर्यंत नेलं आहे. एक तुकडा देते:

"पत्रकारबाई आल्या तेव्हा मी ट्रे घेऊन दाराशीच होते. पांढरा एप्रन, केस मागे घट्ट बांधलेले. लिली माझ्याकडे न बघता म्हणाली, 'थँक यू, आया.' बाईंना दोन चमचे साखर हवी होती, घातली. मग लिलीच्या कपाकडे वळले आणि हात आपोआप तिसऱ्या चमच्यापर्यंत गेला. भायखळ्याला ती तीनच घ्यायची. लिलीनं कप पुढे ओढला. 'मी साखर घेत नाही,' ती बाईंना म्हणाली, 'लहानपणी आमच्या फार्मवर मध असायचा.' बाईंनी वहीत मध लिहून घेतला. किती पोळी होती, कोण काढायचं, तेही विचारलं. लिलीनं सगळं सांगितलं, मधमाशी चावल्याचीसुद्धा गोष्ट सांगितली. मी रिकामा ट्रे घेऊन आत आले. त्या फार्मवर मी कुठे असेन, याचा विचार करत कपबशा धुतल्या."

माझे प्रश्न : खऱ्या माणसाच्या इतक्या जवळ जाणारं काल्पनिक पात्र घेणं योग्य वाटतं का? आणि त्या काळाचे कोणते तपशील नसतील तर कादंबरी पोकळ वाटेल?

वाचनवेडा_सदाशिव

तुकडा छान उतरला आहे. पण माझा आक्षेप मुळावरच आहे, राग मानू नका. त्या बाईनं जे आयुष्यभर झाकलं, ते आपण कादंबरीच्या नावाखाली उघडं करणारे कोण? तिच्या सावत्र भावंडांची, म्हणजे कॉन्स्टन्सच्या मुलांची घरं असतील, वंशज असतील. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीकारांनी कित्येक स्त्रियांच्या तोंडी स्वतःला सोयीचे संवाद घातले आणि आज लोक तोच इतिहास समजतात. एकदा छापलं की पुसता येत नाही.

पारिजातक

@वाचनवेडा, राग कसला, हाच प्रश्न मला हवा होता. मर्लच्या डोक्यात शिरायचं नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. ती कादंबरीत एकदाच येते, एका समारंभात दूरवर बसलेली, आणि बोलत नाही. तिच्या आयुष्यावर बेतलेली कादंबरी कोर्दाच्या पुतण्यानं, मायकेल कोर्दानं, १९८५ मध्येच लिहिली आहे, त्यामुळे उघडं करायला माझ्याकडे काही उरलेलंही नाही. लिलीच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत आहे, कारण लिली माझी आहे. मर्लच्या मनातलं सांगायचा अधिकार मला नाही.

लाइटमन_दादर

पारिजातकताई, मी कॅमेरा विभागात आयुष्य काढलं, त्यामुळे प्रकाशाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या कादंबरीला हा विषय टाळता येणार नाही.

मूकपटांच्या काळात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म होती. तिला लाल रंग दिसत नाही. म्हणजे लाल ओठ काळे यायचे, गालावरची लाली डागासारखी यायची आणि सावळी किंवा तांबूस कातडी प्रत्यक्षाहून गडद यायची. विसाच्या दशकाच्या शेवटी पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळीकडे आली, ती सर्व रंग पकडायची. मॅक्स फॅक्टरनं तिच्यासाठी वेगळा मेकअप काढला. १९३५ मध्ये हायलंड अव्हेन्यूवर त्याचा मोठा स्टुडिओ उघडला, ती इमारत अजून उभी आहे. काळ्यापांढऱ्या चित्रात चेहरा किती उजळ दिसणार हे पावडर, दिवा आणि लॅबमधलं प्रिंटिंग मिळून ठरवायचे. लिलीसारखीचं अर्धं नशीब कॅमेरामनच्या हातात होतं.

रंग आला की धाकधूक सुरू. तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात तीन निगेटिव्ह एकदम धावायच्या, प्रकाश मधे लोलकानं विभागलेला, म्हणून प्रचंड उजेड लागायचा. बोलपटाच्या सुरुवातीला कार्बन आर्क दिवे आवाज करतात म्हणून बाजूला पडले होते, ते रंगासाठी परत आले. त्या उष्णतेत पावडर टिकत नाही, घामाच्या रेषेखालून खरा रंग वर येतो. मर्लनं रंगीत चित्रपटही केले, तेव्हा 'रंगात ती पकडली गेली असती' असं सरसकट लिहू नका. पण पहिल्या रंगीत चाचणीच्या आदल्या रात्री लिली आणि तिची आई काय बोलतात, ते लिहाच.

आणि ओबी! १९३७ मध्ये लंडनला मोटार अपघातात मर्लच्या चेहऱ्याला जखमा झाल्या, शूटिंग चालू असलेला चित्रपट अर्धवट सोडून द्यावा लागला. पुढे कॅमेरामन ल्युसिएन बॅलार्डनं तिच्यासाठी एक लहान दिवा कॅमेऱ्यालाच, भिंगाला अगदी लागून बसवला. युक्ती साधी आहे. दिवा बाजूला असला की खड्ड्याच्या एका कडेला सावली पडते आणि व्रण दिसतो. दिवा भिंगाच्याच रेषेत आला की सावली व्रणाच्या मागे लपते, भिंगाला ती दिसतच नाही. चेहरा गुळगुळीत येतो आणि डोळ्यांत एक चमक बसते. १९४५ मध्ये दोघांनी लग्न केलं. या दिव्याला आमच्या धंद्यात आजही ओबी म्हणतात, आणि लावणाऱ्या पोरांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की हे नाव मुंबईत जन्मलेल्या बाईचं आहे.

मिसळप्रेमी_७

लाइटमनकाका, काय प्रतिसाद आहे! धाग्याची वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

वकीलीण_बाणेर

तपशिलांच्या प्रश्नावर माझं उत्तर एकच, करारनामा. तो कागद नायिकेच्या टेबलावर पहिल्या पन्नास पानांत आलाच पाहिजे.

स्टुडिओचा करार साधारण सात वर्षांचा. पण बांधलेली असायची ती नटी. स्टुडिओला दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं 'पुढे ठेवायचं की नाही' हा पर्याय, नटीला तो नाही. भूमिका नाकारली की निलंबन, म्हणजे पगार बंद, आणि तो निलंबनाचा काळ कराराच्या शेवटी जोडायचा. सातची आठ, आठाची नऊ वर्षं. वर एका स्टुडिओनं दुसऱ्याला नट भाड्यानं द्यायचा आणि मधला नफा खिशात घालायचा. मर्लच्या कराराचा वाटा कोर्दानं हॉलिवूडचा निर्माता सॅम्युएल गोल्डविनला विकला होता. माणसाच्या करारात वाटा विकणं, यावर एक प्रकरण होईल.

नटी बेटी डेव्हिस १९३६ मध्ये यातून सुटायला गेली, तिच्या स्टुडिओनं, वॉर्नर ब्रदर्सनं, लंडनच्या कोर्टात तिला हरवलं. त्याच स्टुडिओची नटी ऑलिव्हिया डी हॅविलंड जिंकली. १९३६ चा तिचा करार १९४३ मध्ये संपला, तरी वॉर्नर निलंबनाचे आठवडे मोजून मागत होते. तिनं कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यावर बोट ठेवलं : वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे लादता येत नाही, आणि सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला. खटला चालू असताना तिला कुणी उभं करेना, ही किंमत तिनं मोजली. लिलीला मात्र कोर्टात जाताच येणार नाही हे लक्षात घ्या. साक्षीच्या पिंजऱ्यात पहिला प्रश्न येईल, नाव काय आणि जन्म कुठला. ज्या गुपितासाठी ती स्टुडिओची ऋणी आहे, त्याच गुपितानं स्टुडिओनं तिला धरून ठेवलंय. तुमच्या कादंबरीचा कणा मला इथे दिसतो.

थोडं अवांतर. हे वाचून कुणी 'अमेरिकेतलं शोषण' म्हणून सुस्कारा सोडू नये. १९३९ मध्ये पुण्यात शांता आपटे कराराच्या आणि पैशाच्या वादातून प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. आज एफटीआयआय आहे ती तीच जागा. आपल्याकडे त्यावर एक धड कादंबरी नाही.

पारिजातक

वकीलीणताई, 'नाव काय आणि जन्म कुठला' हे वाचून काल रात्री आराखडा पुन्हा मांडायला बसले. निलंबनाचं प्रकरण होतं, पण लिली भांडत का नाही याचं कारण मी तिच्या भित्र्या स्वभावात शोधत होते. कारण कागदात आहे! शांता आपट्यांवर तुम्हीच लिहायला घ्या, मनापासून सांगतेय.

सॅनहोजेकर

एका गोष्टीकडे अजून कुणी वळलं नाही, ती म्हणजे कायद्यातला वंश. लिली आणि तिची आई नुसत्या लोकलाजेला भीत नव्हत्या. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नाही, त्याला नागरिकत्व मिळणार नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होता. आधी मिळालेली नागरिकत्वंही नंतर काढून घेण्यात आली. दार पुन्हा किलकिलं झालं ते १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. थिंडचे वकील सखाराम गणेश पंडित लॉस एंजेलिसमध्येच वकिली करायचे. सरकारनं त्यांचंही नागरिकत्व रद्द करायला खटला भरला, तो त्यांनी उलटवला. तुमची आई त्यांच्या ऑफिसच्या पाटीसमोरून ट्राममधून जाते आणि मान वळवते, एवढं जरी आलं तरी जाणकार वाचक थांबेल.

दुसरं, पडद्यावरची बंदी. स्टुडिओंनी १९३० मध्ये आचारसंहिता केली, जुलै १९३४ पासून ती राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाची मोहोर सक्तीची झाली. त्या संहितेत काळ्या-गोऱ्या वंशांचे शरीरसंबंध दाखवायला मनाई होती, आणि स्टुडिओ तिचा धाक आशियाई नटांनाही लावत. ॲना मे वाँग लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी नटी. १९३७ च्या, चिनी शेतकऱ्यावरच्या मोठ्या चित्रपटात नायक गोरा घेतला, मग चिनी बायकोची भूमिकाही लुइझ रायनर या युरोपीय नटीला गेली. रायनरला त्यावर ऑस्कर मिळालं. लिलीनं वाँगला स्टुडिओच्या कँटीनमध्ये बघितलं तर शेजारी बसेल का? मला वाटतं नाही बसणार. आणि ते आईला घरी सांगणारही नाही.

अबोली

फार आवडला धागा. मी दोन गोष्टी सुचवते.

लिलीला आजच्या काळातली बंडखोर मुलगी करू नका. हल्ली ऐतिहासिक कादंबरीत नायिका तिसऱ्या प्रकरणात भाषण देते आणि वाचकाला बरं वाटतं. त्या काळात पोटासाठी गप्प बसलेल्या माणसांचा त्यात अपमान होतो. २९ फेब्रुवारी १९४० ची रात्र घ्या. अँबॅसडर हॉटेलच्या कोकोनट ग्रोव्हमध्ये ऑस्कर सोहळा. हॅटी मॅकडॅनिएल ही पहिली कृष्णवर्णीय विजेती, पण तिचं टेबल भिंतीला लागून वेगळं, कारण ते हॉटेल काळ्यांना आतच घेत नव्हतं. लिली मधल्या टेबलावर बसलेली. ती टाळ्या वाजवते, सगळ्यांइतक्याच, एक टाळी जास्त नाही. एवढंच लिहा.

दुसरं म्हणजे मुंबई सोडू नका. १९३८ मध्ये धोबी तलावाजवळ मेट्रो उघडलं, थेट हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचं थिएटर. त्याच वर्षी कोर्दाचा सरहद्दीवरचा साम्राज्यगौरवी चित्रपट मुंबईत लागला, भारतीय बालनट साबू त्यात होता. लोकांनी निदर्शनं केली आणि तो उतरवावा लागला. फिल्मइंडिया मासिकाचे संपादक बाबूराव पटेल अशा चित्रपटांविरुद्ध तुटून पडायचे. आणि १९३९ मध्ये मर्लनं कोर्दाशी लग्न केलं. तुमच्या आईला भायखळ्याहून कुणी कात्रण पाठवलं तर? ती ते लिलीला दाखवेल, की चुलीत घालेल?

वाचनवेडा_सदाशिव

पारिजातक, मर्लला बोलू न देण्याचा निर्णय वाचून माझा आक्षेप बराचसा मावळला. आता शुद्ध कारागिरीची शंका. कथा आई सांगते. आई घरात, फार तर बाजारापर्यंत. करार, ओबी, रंगीत चाचणी, ब्रीनचं कार्यालय, कोकोनट ग्रोव्हची टेबलं तिला दिसणार कशी? मुलगी येऊन सगळं सांगते असं केलं तर ते बातमीपत्र होईल. आणि आईला सर्वज्ञ केलंत तर तुमची कपबशी धुणारी बाई हरवेल. मला तीच हवी आहे.

पारिजातक

@वाचनवेडा, या प्रश्नावर मी बराच काळ अडले होते. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांतून वाट सापडली.

आईला सेटवर न्यायचं नाही. तिला दिसेल ते घरी येणाऱ्या वस्तूंमधून. करार घरी येतो, आणि लिलीला कायद्याची भाषा वाचायचा कंटाळा. आई रेल्वेतल्या नवऱ्याचे कागद वाचून तयार झालेली, ती कलम कलम लावून वाचते. निलंबनाचं कलम तिलाच आधी कळतं. रंगीत चाचणीचा उजेड लिलीच्या ब्लाउजच्या कॉलरवर येतो, घामानं उतरलेल्या पावडरच्या कड्यातून, आणि तो कॉलर धुणारी आईच. सहा दिवसांचा कामाचा आठवडा ती पहाटेच्या गाडीच्या हॉर्नवरून मोजते. ॲना मे वाँगचं लिली सांगणारच नाही, सॅनहोजेकर म्हणतात तसं. आईला ते स्टुडिओतून आलेल्या फोटोत दिसेल : एका कँटीनचा फोटो, पलीकडे वाँग, अलीकडे पाठ करून बसलेली लिली.

कोकोनट ग्रोव्हचं प्रकरण तेवढं वेगळं लिहीन. त्या रात्री आई घरी रेडिओपाशी नाही, हॉटेलच्या मागच्या दारी आहे, लिलीचा कोट घेऊन. नोकरांच्या खोलीत जे बोललं जातं ते तिला पहिल्यांदा कळतं, कारण तिथे तिच्यापासून कुणी काही लपवत नाही. मोलकरीण म्हणून ती अदृश्य आहे आणि कादंबरी सांगायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

अबोली, कात्रणाचं : ती ते चुलीत घालणार नाही. करारनाम्याच्या पाकिटात, मागच्या बाजूला ठेवेल.

वकीलीणताई, सात वर्षांची मुदत लिलीच्या बाबतीत १९४२ मध्ये संपवते, निकालाच्या दोन वर्षं आधी. ती सही करून आणखी बांधली जाते आणि मग डिसेंबर १९४४ मध्ये आई वर्तमानपत्रात निकाल वाचते. या क्रमात कायद्याचं काही चुकतंय का ते बघाल का?

वकीलीण_बाणेर

क्रम बरोबर आहे. फक्त १९४२ ची सही हा नवा करार दाखवा, जुन्याची मुदतवाढ नको. नवा करार म्हटलं की नवी सात वर्षं, त्यामुळे ऑलिव्हियाच्या निकालाचा लिलीला लगेच उपयोग नाही, आणि आईला ते वाचता वाचता कळेल. कलमांचा मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मी त्या काळच्या भाषेत बसवून देते.

लाइटमन_दादर

कॉलरवरच्या कड्याचा रंग लिहिताना पॅनक्रोमॅटिकसाठीचा आणि रंगीतसाठीचा मेकअप वेगळा असायचा हे विसरू नका. काळ्यापांढऱ्याचा पिवळट-तपकिरी लेप जाडसर असायचा. रंगीतसाठी निघालेला पॅनकेक ओल्या स्पंजानं लावायचे, तो पातळ बसायचा, त्वचेच्या जवळचा दिसायचा. आई कपडे धुते म्हणजे कुठल्या दिवशी कसलं शूटिंग होतं हे तिला पाण्याच्या रंगावरून कळेल.

पारिजातक

काका, हे पहिल्याच प्रकरणात घेते. प्रकरण तयार झालं की याच धाग्यावर टाकीन. वकीलीणताई, मसुदा आज रात्री पाठवते.